कॅल्क्युलेटरशिवाय : म्हसवडच्या बायकांचं शिक्षण आणि त्यांचे धंदे

सातारा जिल्हा म्हटला की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे, आणि तिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. माणगंगा वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या, ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेले पुरुष आणि मागे घर चालवणाऱ्या बायका, असा हा मुलूख. या माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये गेल्या तीस वर्षांत जे घडलं, ते मी एक प्रकरण म्हणून मांडतो आहे. बाईचं शिक्षण आणि बाईचा धंदा यांचा नेमका संबंध काय, हे इथे फार स्पष्ट दिसतं. एरवी या विषयावर भाषणंच जास्त होतात.

आधी धंद्याबद्दल थोडं. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या एकूण आस्थापनांपैकी बायकांच्या मालकीच्या १३.७६ टक्के निघाल्या. त्यातही बहुतेक ठिकाणी पगारावर ठेवलेला एकही माणूस नाही. मालकीण तीच आणि कामगारही तीच. म्हणजे आपण ‘महिला उद्योजक’ म्हणतो तेव्हा बहुतांश वेळा भाजीची पाटी, शिलाई मशीन, दोन शेळ्या किंवा पापडाचा डबा यांबद्दल बोलत असतो. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

गोष्टीची सुरुवात एका लोहारकाम करणाऱ्या बाईपासून होते. ती तीन मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेलाच राहायची, तिथेच काम करायची. तिला पैसे साठवायचे होते. कशासाठी, तर पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, पोरं भिजू नयेत म्हणून. ती चेतना गाला सिन्हा यांच्याकडे आली. चेतनाताई मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत होत्या आणि लग्नानंतर म्हसवडला राहायला आल्या. चेतनाताई त्या बाईला घेऊन बँकेत गेल्या. मॅनेजरने खातं उघडायला नकार दिला. एवढ्याशा रकमेसाठी खातं सांभाळणं परवडत नाही, असं त्याचं म्हणणं. ती बाई कर्ज मागत नव्हती, सवलत मागत नव्हती. स्वतःचे पैसे ठेवून घ्या म्हणत होती.

तेव्हा बायकांची स्वतःचीच सहकारी बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे परवान्यासाठी अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण असं दिलं की प्रवर्तक सभासदांमध्ये निरक्षर बायका आहेत, अंगठा लावणाऱ्यांच्या हाती बँक देता येणार नाही.

चेतनाताई रडत परत आल्या, असं त्या स्वतः सांगतात. बायकांनी त्यांनाच समजावलं. रडायचं कशाला, आम्ही लिहायला-वाचायला शिकतो आणि पुन्हा अर्ज करू. मग साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. दिवसभर रानात, खडी फोडायला, बाजारात राबून बायका संध्याकाळी वर्गाला येऊन बसायच्या. पाच महिने हे चाललं.

या पाच महिन्यांजवळ मला जरा थांबायचं आहे. प्रौढ साक्षरतेचे वर्ग आपल्याकडे काय कमी झाले? कंदील, पाटी, ‘कमल बघ’ हे सगळं झालं. बहुतेक ठिकाणी बायका पंधरा दिवस आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या, कारण शिकून करायचं काय याचं उत्तर वर्गात नव्हतं. म्हसवडला ते उत्तर वर्ग भरायच्या आधीच ठरलेलं होतं. अर्जावर सही करायची होती, ठेवीचा आकडा वाचायचा होता, सभेचा ठराव समजून घ्यायचा होता. शिक्षणाची तारीख अर्जाच्या तारखेला बांधलेली होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि प्रशिक्षणाच्या योजना आखताना हीच हमखास विसरली जाते.

पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज गेला. या वेळी पंधरा बायका मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, की आम्ही लहान असताना गावात शाळाच नव्हती, तो दोष आमचा नाही. आणि लिहिता-वाचता येत नसलं तरी हिशेब येतो. कुठल्याही रकमेवरचं व्याज आम्हाला विचारा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही तेच गणित कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं ते. परवाना मिळाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तेराशेहून अधिक बायकांनी भाग (शेअर) विकत घेतले आणि सात लाखांच्या आसपास भांडवल उभं राहिलं.

हा किस्सा ऐकून टाळ्या पडतात, पण त्या बायकांना व्याज येत कसं होतं, हे कुणी विचारत नाही. येणारच. खेड्यात व्याज वर्षाच्या टक्क्यांत बोलत नाहीत, महिन्याच्या शेकड्यात बोलतात. शेकडा पाचाने पाचशे उचलले तर महिन्याला पंचवीस, चार महिन्यांत शंभर, आणि मुद्दल जागच्या जागी. हे गणित जिच्या पोटातून जातं तिला ते पाठ असतं. तिच्याकडे अक्षर नव्हतं. आणि बँक, तहसील, पंचायत ही सगळी अक्षरांवर चालणारी ठिकाणं. पाच महिन्यांच्या वर्गाने तिला अक्कल दिली, असं म्हणणं हा तिचा अपमान होईल. जी अक्कल होती ती कागदावर उतरवायची सोय त्या वर्गाने केली.

असंच काही अहमदाबादला त्याआधी तेवीस वर्षं घडलं होतं. १९७४ मध्ये ‘सेवा’ या असंघटित कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून बँक काढली. नोंदणीसाठी सह्या हव्या होत्या, म्हणून ‘सेवा’च्या संस्थापक इलाबेन भट्ट यांनी बायकांना रात्रभर बसवून नाव लिहायला शिकवलं होतं. पहिलं अक्षर धंद्याच्या गरजेपोटी गिरवलं गेलं, तिथेही आणि इथेही.

बँक निघाली म्हणून धंदे लगेच उभे राहिले, असं झालं नाही. आधी अडचणींच्या रांगा लागल्या. बाजाराच्या दिवशी कमाई हातात असते, पण बँकेपर्यंत जायचं तर दिवस मोडतो. मग बँकेची माणसं बाजारात आणि दारात येऊ लागली. पासबुक घरी ठेवलं की नवऱ्याच्या हाती लागतं, शिल्लक दिसली की तो पैसे मागतो. ही तक्रार बायकांनीच आणली आणि त्यावर पासबुकाऐवजी कार्ड द्या हा उपायही त्यांनीच सुचवला. बचतीचं शिक्षण म्हणजे ‘बचत करा’ असं सांगणं नव्हे, हे यातून कळतं. बचत तर त्या डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत करतच होत्या. ती सुरक्षित कशी ठेवायची, हा त्यांचा प्रश्न होता.

कर्जं सुरू झाल्यावर पुढचा प्रश्न आला. पैसा आहे, कष्टाची तयारी आहे, पण धंदा वाढत नाही. म्हणून २००६ मध्ये चेतनाताईंच्याच माणदेशी फाउंडेशन या संस्थेने बायकांसाठी उद्योग शाळा काढली, माणदेशी उद्योगिनी. दुसऱ्याच वर्षी बसमधली फिरती शाळा सुरू झाली, कारण रोज म्हसवडला यायला बाईला ना वेळ होता ना भाड्याचे पैसे. गावात बस उभी राहते आणि वर्ग तिथेच भरतो. शिवणकाम, संगणक, शेळीपालन यांच्या जोडीला पैशाचे व्यवहार, बाजारपेठ, कर्जाचे कागद असं सगळं त्यात आलं. पुढे ज्यांचा धंदा चालू आहे त्यांच्यासाठी ‘देशी एमबीए’ निघालं. त्यात शिकवणारी व्यक्ती बाईच्या धंद्यापर्यंत जाऊन मार्गदर्शन करते.

वर्ग कुठे भरतो आणि किती वाजता भरतो याला मी फार महत्त्व देतो. आपल्याकडे जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. योजना म्हणून ती मला मनापासून आवडते. पण जिच्या कडेवर दीड वर्षाचं पोर आहे, गोठ्यात दुभती म्हैस आहे आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, ती दहा दिवस जिल्ह्याच्या गावी मुक्कामाला कशी जाणार? तिच्यासाठी दुपारी दोन ते चार, तेही आपल्याच गावात, हाच खरा वेळ. धारा काढायच्या आत तिला घरी पोचायचं असतं.

आता शिकवायचं काय? इथे जरा खोलात जातो, कारण मी बचत गटांच्या बैठकांना बरीच वर्षं बसत आलो आहे आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येक वेळी दिसते. समजा एक बाई शेंगदाण्याची चटणी करून विकते. आकडे उदाहरणापुरते धरा. दाणे १४० रुपयांचे, लसूण-तिखट-मीठ ४०, पिशव्या आणि लेबल २०. झाले २००. चटणी विकली २४० ला. तिला विचारलं, काय सुटलं? ती म्हणते, चाळीस. गॅस किती गेला? दहा धरा. बाजारात यायचं भाडं? वीस. म्हणजे उरले दहा. आणि दाणे भाजायला, सोलायला, कुटायला, पिशव्या भरायला किती वेळ गेला? अडीच तास. खुरपायला गेली असती तर तेवढ्या वेळाचे शंभराच्या वर मिळाले असते. इथे बैठक गप्प होते. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पण घरचंच तर काम आहे ना ताई.’

शेकड्याचं व्याज तोंडपाठ असलेली बाई स्वतःची मजुरी हिशेबात धरत नाही. हे अज्ञान नाही. जन्मभर तिच्या कामाला कुणी किंमत लावलेली नसते, म्हणून तीही लावत नाही. व्यवसाय प्रशिक्षणात एकच धडा ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन : वहीत एक रकाना आखा, त्यावर ‘माझी मजुरी’ असं लिहा आणि तो रोज भरा. तो रकाना भरला की पुढचं आपोआप सुचतं. भाव वाढवायचा, की दाणे घाऊक आणायचे, की कुटायला मशीन घ्यायचं, की हा धंदा सोडून दुसरा धरायचा. धंदा सोडायचा निर्णय बाईने हिशेब मांडून घेतला, तर तेही प्रशिक्षणाचं यश आहे. अहवालात मात्र ते अपयश म्हणून मोजतात, याचं मला वाईट वाटतं.

एक जुनी खोड इथेच सांगतो. बाईला शिकवायचं म्हटलं की आपल्याला शिलाई मशीन आठवतं. रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालं तेव्हा शिवणकामाला अर्थ होता, घराबाहेर पडायला विधवेला फार थोड्या वाटा होत्या. शंभर वर्षांनी एका गावात मी पंचवीस बायकांचा एकाच वेळी शिवणवर्ग पाहिला. सहा महिन्यांनी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं आणि गावात ब्लाउजची शिलाई निम्म्यावर आली. शिकवणाऱ्यांनी जीव तोडून शिकवलं होतं. पण गिऱ्हाईक किती आहेत हे वर्ग सुरू करण्याआधी कुणीच मोजलं नव्हतं.

आता दुष्काळाकडे. २०१२ साली माणमध्ये पाऊस गेला. त्या वेळी एक शेतकरीण सोनं गहाण टाकायला बँकेत आली, जनावरांना चारा घ्यायला. आणि तिने चेतनाताईंना विचारलं, की तुम्ही उद्योग शाळा चालवता, धंद्याच्या गोष्टी सांगता, पण पाणीच नाही, जनावरंच जगली नाहीत, तर त्या शाळेचं आम्ही करायचं काय? हा प्रश्न झोंबणारा होता. त्यातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरं आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसं वर्षाच्या वर तिथे राहिली. छावणी उठल्यावर ती शेतकरीण माणदेशीच्या स्वतःच्या सामुदायिक रेडिओवर बोलू लागली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाता-बोलता येत होतं.

प्रकरणाच्या दृष्टीने ही छावणी मी फार मोलाची मानतो. बाईचा धंदा तिच्या शेतापासून आणि गोठ्यापासून वेगळा काढता येत नाही. दुष्काळात म्हैस विकली की दुधाचा धंदा गेला, दुधाच्या पैशातून भरायचा हप्ता थकला, आणि वर्गात शिकलेलं सगळं वाहून गेलं. ज्या संस्थेजवळ बँक होती, शाळा होती, रेडिओ होता, तिलाच हे एकमेकांत गुंतलेलं दिसलं आणि हात घालता आला.

इथे एक कबुली द्यायला हवी. एका संस्थेच्या गोष्टीवरून ‘प्रशिक्षणाने धंदे उभे राहतात’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्या बाया वर्गाला येतात त्या मुळातच धडपड्या असतात, त्या एरवीही काहीतरी करतच राहिल्या असत्या. म्हणून चिठ्ठ्या टाकून काहींना प्रशिक्षण द्यायचं, काहींना नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना करायची, असे प्रयोग झाले आहेत. त्यांतले दोन म्हसवडच्या अनुभवाशी फार जुळतात.

पहिला श्रीलंकेतला. तिथे आधीच धंदा चालवणाऱ्या बायकांना नुसतं प्रशिक्षण दिलं, तर त्यांच्या काही सवयी सुधारल्या, पण नफा वाढला नाही. प्रशिक्षणासोबत रोख रक्कमही दिली, तेव्हा सुरुवातीचे काही महिने नफा चांगला वाढला, आणि दुसऱ्या वर्षी तो परिणाम ओसरला. ज्यांचा अजून धंदाच नव्हता त्यांना मात्र प्रशिक्षणाने लवकर सुरुवात करता आली आणि त्यांना नफाही अधिक मिळाला. म्हणजे उभं राहताना शिक्षणाचा हात जास्त लागतो. उभं राहिल्यावर वाढायला भांडवल, बाजार आणि सततची सोबत लागते. दोन-चार दिवसांच्या शिबिरावर विसंबणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

दुसरा प्रयोग अहमदाबादच्या सेवा बँकेतला, आणि तो मला जास्त आवडतो. बँकेच्या खातेदार बायकांना दोन दिवसांचं धंद्याचं मार्गदर्शन दिलं. त्यांतल्या काहींना सांगितलं, येताना एक मैत्रीण घेऊन या. परिणाम दिसला तो मैत्रिणीसोबत आलेल्यांमध्येच. चार महिन्यांनी त्यांनी धंद्यासाठी कर्ज घेतल्याचं प्रमाण जास्त होतं, धंदा वाढला होता, घरची मिळकत वाढली होती. आणि ज्यांच्या समाजात बाईच्या बाहेर जाण्या-येण्यावर जास्त बंधनं, त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता. तोच वर्ग आणि तेच दोन दिवस. फरक फक्त शेजारी कोण बसलंय याचा.

खेड्यातल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. एकटी बाई तालुक्याला निघाली तर चार प्रश्न येतात, दोघी निघाल्या तर एकच. शिवाय घरी आल्यावर वर्गातली गोष्ट बोलायला कुणीतरी लागतं. नवरा ऐकत नाही, सासूला पटत नाही. मैत्रिणीने तेच ऐकलेलं असतं, त्यामुळे धुणं धुताना त्यावर दोघींचं बोलणं होतं आणि त्या बोलण्यातून निर्णय होतो. म्हसवडच्या पंधरा जणी रिझर्व्ह बँकेत एकत्र गेल्या, ते यासाठीच. चेतनाताई पहिल्यांदा एकट्या गेल्या होत्या आणि नकार घेऊन आल्या होत्या.

अजूनही न सुटलेलं बरंच आहे. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे तारणाची वेळ आली की बाईचं सगळं शिक्षण त्यांच्या एका सहीशी अडतं. धंदा जरा मोठा झाला की तो हळूच मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर होतो, गल्ल्यावर तो बसतो आणि ती मागे भट्टीवर. दोन दिवसांच्या नाही की सहा महिन्यांच्या नाही, कुठल्याच प्रशिक्षणाने हे सुटलेलं मी पाहिलेलं नाही.

तरी कुठे कुठे शिक्षण अशा जागी जाऊन पोचतं जिथे पोचेल असं कुणी धरलेलं नसतं. शेळी हे माणदेशातल्या गरीब बाईचं चालतं-बोलतं बँक खातं. शेळ्यांची जात सुधारायला कृत्रिम रेतन करावं लागतं आणि ते काम पुरुषांचं मानलं जायचं. माणदेशीशी जोडलेल्या एका दलित बाईने ते शिक्षण घेतलं आणि शेळ्यांची डॉक्टर म्हणून काम सुरू केलं. बाई, त्यात दलित, आणि काम असलं. सुरुवात किती अवघड गेली असेल हे सांगायला नको. पण तिचा हात चांगला होता. अडलेल्या शेळ्या तिच्या हातून सुटू लागल्या आणि नाव पंचक्रोशीत झालं. पुढे तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा गावात तिचे मोठमोठे फलक लागले. चेतनाताई तिच्या घरी अभिनंदनाला गेल्या. गावातले सगळ्या जातींचे लोक, त्यात वरच्या जातीचे म्हणवणारेही, तिच्या घरात येऊन बसले होते आणि तिच्या घरचं खात-पीत होते.